धुळाप्पांचा पाय आणि मी

मी हातोडी बोलतेय. खिळे ठोकणारी नव्हे, रबरी डोक्याची. गुडघ्याखाली हलकेच मारून पाय उडतो का ते बघायला मला वापरतात. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, रत्नम्मा मॅडम लोकांकडून व्यायाम करून घेतात, तिथं माझी बारा वर्षं गेली.

धुळाप्पा मेंढरं राखायचे. पाला काढताना बाभळीवरून पाठीवर पडले, मणका मोडला आणि आतल्या मज्जारज्जूला मार बसला. ऑपरेशननंतर ते इथं आले तेव्हा मी दोन्ही गुडघ्यांखाली पडले, पण पाय निपचित. पोत्यावर पडल्यासारखं वाटलं मला. त्यांची बायको मायाक्का रोज माझ्याकडंच बघत बसायची.

तिसऱ्या आठवड्यात उजवा पाय असा उसळला, की मॅडमचा चष्माच उडाला. मायाक्कानं आल्यागेल्याला साखर वाटली, गावाकडं फोन केले. मलाही भारी अभिमान वाटला.

मॅडम मात्र खुर्ची ओढून दोघांजवळ बसल्या. गुडघ्याची वर्दी मणक्यापर्यंतच जाते आणि हुकूम तिथूनच माघारी येतो, मेंदूला त्याचा पत्ता नसतो, असं त्यांनी समजावलं. उलट मेंदूचा लगाम सुटल्यामुळंच पाय जास्त उसळतो.

मायाक्काचा चेहरा उतरला. धुळाप्पांनी उजव्या मांडीवर हात ठेवला.

"म्हंजी मेंढरं जित्ती हायत, पर माझं ऐकंनात," ते म्हणाले.

"व्हय," मॅडम म्हणाल्या.

"मग हाका मारत ऱ्हायाचं की."

आणि खरंच, रोज पायाच्या अंगठ्याकडं बघून ते त्याला हाका मारायचे. मधेच पाय ताठायचे, थरथरायचे, तेव्हा त्यांना शिव्याही घालायचे. पाठीला घाम येईपर्यंत व्यायाम करायचे.

अडीच महिन्यांनी एका दुपारी मी ट्रेमध्ये पडून होते. उजवा अंगठा वाकला. मॅडमचा विश्वास बसेना. "वाकवा," त्या म्हणाल्या. वाकला. "सोडा." सुटला. पाच वेळा सांगितलं, पाचही वेळा त्यानं ऐकलं. मायाक्का पदरात तोंड घालून हसत होती.

आता धुळाप्पा पायाला पट्टे बांधून, वॉकर धरून दारापासून खुर्चीपर्यंत येतात. पाय अजून मधेच ताठतात. माझ्या रबराला चिरा गेल्यात, मॅडमनी नवी हातोडी आणलीय. जाता जाता एवढंच सांगते: पाय उडतो का, ते मला विचारा. पाय ऐकतो का, ते मात्र ज्याचा आहे त्यालाच विचारा.