अक्काचा हात

कॉफीच्या बिया भाजताना डोळ्यांवर विसंबायचं नाही, ही त्या घराची शिकवण. रंग फसवतो. भट्टीच्या फिरत्या ढोलातून वाळल्या काटक्या मोडाव्यात तशी पहिली तडतड आली, की पुढचं सगळं कानानाकाचं काम. दादाचं नाक शाबूत होतं. कान मात्र गेले होते, आणि हे फक्त थोरल्या अक्काला ठाऊक होतं. एकदा पत्र्याचं माप फरशीवर आदळलं, मांजर पळालं, पण दादाने मान वळवली नाही. तेव्हा तिला कळलं.

तेव्हापासून ती जपमाळ घेऊन भट्टीसमोरच्या गोणीवर बसू लागली. तडतड सुरू झाली की माळेचा हात छातीशी न्यायचा. दादा त्या हाताकडे बघून भाजायचा. दोघांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही.

"अक्का, या धुरात देव सापडतो वाटतं?" दुकान सांभाळणारा धाकटा भाऊ विचारायचा. "कॉफी तर घोटभर पीत नाहीस."

"तुझ्या गल्ल्यापाशी सापडत नाही, एवढं खरं."

पण अक्का पूजेत अडकली की माल बिघडायचा. शेवटी धाकट्याने सांगून टाकलं, "ही नवी बी चाचणीत उतरली नाही, तर भट्टी विकू आणि पडद्यावर सगळं दिसणारी मशीन आणू. दादा काउंटरला बसेल."

दादा खाली बघून भट्टी पुसत राहिला. भट्टी गेली तर त्याच्याजवळ काय उरेल, हे अक्काला कोणी सांगायला नको होतं.

नवी बी डोंगरातली, टणक. ढोल फिरू लागला. काही वेळाने टक, टक असा आवाज आला आणि अक्काचा हात छातीशी गेला. दादाने पळीभर बिया काढून हुंगल्या. कपाळाला आठी पडली. त्याने पुन्हा अक्काकडे पाहिलं. हात तिथेच होता. जरासा थांबून त्याने झाकण उघडलं आणि बिया गार करायला परातीत घेतल्या.

परात हलवताना बियांबरोबर एक खडा फिरत होता. टक, टक.

चाचणीची रीत वडिलांपासूनची. पेल्यांवर खूण नसते, चव घेताना कोणी बोलत नाही. जो पेला नापास, त्यावर चमचा पालथा. धाकट्याने एका पेल्यातला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. कच्च्या गवताची चव. त्याचा हात घुटमळला. तेवढ्यात दादानेच त्या पेल्यावर चमचा पालथा घातला.

"माझंच पोर, ओळखणार नाही होय?" तो म्हणाला. "कच्चं काढलं मी." आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

खोटं बोलायचं नाही, हा अक्काचा रोजचा नेम. गप्प राहणं त्यात बसतं का, हे तिने आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. पण दोष दादाच्या माथी जाताना तिला बघवेना.

"त्याचं नाही चुकलं रे," ती हळूच म्हणाली. "मी हात छातीशी नेला. खड्याचा आवाज मला तडतडीचा वाटला."

"तुझा हात? त्याचा काय संबंध?" म्हणता म्हणता धाकटा थांबला. त्याने दादाच्या पाठीकडे पाहिलं. "दादा," त्याने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "दादा."

दादा बाहेर बघत होता. सावकाश वळला, तेव्हा दोघांचे चेहरे त्याला दिसले.

"काय झालं? काय म्हणाली ती?"

एरवी काउंटरवरूनच ओरडणारा धाकटा अगदी जवळ गेला आणि एकेक शब्द ओठांवर दिसेल असा म्हणाला, "काही नाही, दादा. कॉफी निवतेय."