अंगठ्याचा पापड

आरोहीच्या आईची, मंगलची, एक रीत होती. नाचणीच्या पिठाची उकड मळायची, लाट्या तोडायच्या, भराभर पापड लाटायचे आणि शेवटच्या पापडाच्या मधोमध उजवा अंगठा दाबायचा. "ह्यो घरचा. बाकीचं समदं मॉलचं." तिच्या अंगठ्यावर खुरप्याचा जुना वण होता. त्यामुळे पापडावर उमटलेल्या ठशात एक आडवी रेघ यायची. तो पापड विकायचा नाही, घरच्याच माणसांनी खायचा.

बाकीचे वाळले की गठ्ठे बांधून टेम्पोने पापड पाकिटात भरणाऱ्या युनिटला जायचे. तिथून एका मोठ्या मॉलच्या पाकिटात. पाकिटावर नाव मॉलचं. त्याच नावाचं मीठ, त्याच नावाचं फिनेल, टूथब्रशसुद्धा त्याच नावाचा! मंगलला याचं फार हसू यायचं. "मॉलवाला बाई रातंदिस राबत असंल गं! फिनेलबी त्योच करतो अन् पापडबी त्योच लाटतो. बायकू काय करती त्याची?"

गेल्या पावसाळ्यात ताप आला आणि चार दिवसांत मंगल गेली.

दहाव्याला अख्खं महाळुंगे पडवळ गाव नदीवर जमलं. पिंड मांडला, पानावर भात, वडा, पापड वाढला. समोरच्या झाडावर कावळेच कावळे, पण एकही खाली उतरेना. भावकीतले गेणभाऊ हात जोडून म्हणाले, "मंगल, पोरीला शिकवू गं, काळजी करू नगं." कावळा हलला नाही. आरोहीचे वडील, दादा, पुढे झाले, "मी दुसरं लगीन करणार न्हाई." नाही. प्रतिभाकाकू रडतच म्हणाली, "बाई, चुलीवरनं भांडले आसंल मी, मनात ठिवू नगं." तरी नाही. उन्हं डोक्यावर आली, तेव्हा दर्भाचा कावळा करून शिवून घेतला आणि माणसं मान खाली घालून घरी परतली. मंगलचा जीव कशात अडकलाय, ते कुणालाच उमगलं नाही.

पानावरचा पापड युनिटच्या गठ्ठ्यातला होता, याच्याकडे मात्र कुणी लक्ष दिलं नाही. काकूने घरचा डबा उघडला होता, पण अंगठ्याचा पापड त्यात नव्हता. मग घाईत गठ्ठ्यातला एक काढून वाढला. तेवढ्या गडबडीत कोण विचार करतंय!

त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे, मंगलच्या पोळपाटावर काकू लाटायला बसली की शेवटचा पापड फाटायचा. रोज. काकूचा हात चांगला, आधीचे सगळे चंद्रासारखे गोल, आणि शेवटचा टराटरा फाटणार! "पिठातच खोट हाय," म्हणत काकू तो मुटका म्हशीपुढे टाकायची.

दुसरी गोष्ट आरोहीने कुणाला सांगितली नव्हती. शाळेतून आल्यावर ती मधल्या खोलीत अभ्यासाला बसली की पलीकडच्या रिकाम्या पडवीतून लाटण्याचा आवाज यायचा. खर्र, खर्र, आणि मध्येच बांगडी किणकिणायची. पहिल्या दिवशी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग सवय झाली. मग तर चक्क बरं वाटायला लागलं! ती त्या आवाजाला भाषण म्हणून दाखवायची. वर्गात उभं राहिलं की जिचे पाय लटपटायचे ती आरोही या एका वर्षात अशी काही सुटली, की वक्तृत्व स्पर्धेत तालुक्याला पहिली आली आणि शाळेतल्या बाई तिला जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पुण्याला घेऊन गेल्या.

स्पर्धा झाली, दुसरा नंबर आला. खूश होऊन बाईंनी सगळ्यांना मॉल दाखवायला नेलं. तोच मॉल.

"ए आरोही, तुमच्या पापडाला एसी लावलाय बघ!" वर्गातला ऋषी ओरडला. "आपल्या वर्गात पंखा न्हाई अन् पापडाला एसी!"

आरोही हसत हसत त्या रांगेत शिरली. पाकिटांची भिंतच होती तिथे. मागे मॉलचं नाव ठळक, आणि युनिटचं नाव मुंगीएवढं. लाटणाऱ्या बाईचं नाव कुठंच नाही. कुठलं पाकीट उचलावं याचा तिने काही विचार केला नव्हता. हात आपोआप खालच्या फळीवर, अगदी आत गेला. हाताला लागलं ते पाकीट तिने बाहेर ओढलं.

पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून वरचा पापड दिसत होता. त्याच्या मधोमध अंगठा. अंगठ्यावर आडवी रेघ.

मॉलमधलं गाणं चालूच होतं, पण आरोहीला ते ऐकू येईना. ऐकू येत होतं खर्र, खर्र.

"दुसरं घे ताई," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. "यातला वरचा पीस डॅमेज आहे."

"मला हेच पाहिजे," आरोही म्हणाली. माईकवर खणखणणारा तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही.

घरी पाकीट बघून काकू मटकन खाली बसली. "अगं बाई! त्या दिशी तिला ताप चढला व्हता. पापड ग्वाळा करून गठ्ठा मीच बांधला. बघितलंच न्हाई गं मी! युनिटच्या गोदामात पडून राहिला आसंल इतकं दिवस."

दादांनी पाकिटावरूनच त्या रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "तिच्या पानावर मॉलचा पापड ठिवला आपण, अन् तिचा घरचा घास धाडला मॉलला. कशी शिवंल ती? सकाळी नदीवर न्यायचा ह्यो."

"नाही!" आरोहीने पाकीट छातीशी धरलं. "तो माझाय. मी शोधलाय!"

"येडी का काय? तिला सुटू द्यायचं न्हाई का?"

काय सांगणार ती? की कावळा शिवला तर पडवीतला आवाज थांबेल? ती पाकीट घेऊन मधल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटलं.

आवाज सुरूच होता. आज ती भाषण म्हणाली नाही, नुसती ऐकत बसली. आई लाटायची तेव्हा कसं असायचं? खर्र, खर्र, मग पापड उचलून सुपावर टाकल्याचा फट् असा आवाज, मग नवी लाटी. आरोही फट् ऐकू यायची वाट बघत राहिली. उन्हं पडवीतून निघून गेली, तरी फट् आलाच नाही. वर्षभर आलाच नव्हता! एकच लाटी होती ती. एकच लाटी लाटत होती आई, आणि ती संपतच नव्हती.

आरोही उठली. पलीकडे बघून हळूच म्हणाली, "दमली असशील गं."

सकाळी नदीवर तिघंच गेले. पान आरोहीनेच मांडलं. भातावर पापड ठेवला, आणि हात जोडून तिने मनात जे मागितलं ते दादांना कळलं असतं तर ते चिडले असते. येऊ नको, असंच म्हणाली ती कावळ्याला. एकदाच म्हणाली. मग ती मागे सरकली.

ती नीट मागे सरकलीही नव्हती, तोच झाडावरून एक कावळा थेट उतरला. इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही. पापड अख्खाच चोचीत धरून तो लेण्याद्रीच्या डोंगराकडे उडाला आणि दिसेनासा झाला.

"शिवली," काकू पुटपुटली.

दुपारी काकू लाटायला बसली. शेवटचा पापड आला. लाटण्याखाली फिरला, पसरला, गोल झाला. फाटला नाही. काकूने अंगठा उचलला, जरा थांबली, आणि पोळपाट आरोहीकडे सरकवला.

आरोहीने अंगठा दाबला.

मग वाकून तिने तो ठसा बघितला. गुळगुळीत होता. रेघ नव्हती. पडवीत सगळं शांत होतं. काकूने उकड झाकून ठेवली, हात धुतले, दोनदा हाक मारली, तरी आरोही पोळपाटावर तशीच वाकून बघत होती.