पेटी एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे

मित्रांनो, माझ्याशी बोलायचं असेल तर आधी दोन्ही हात समोर ठेवा. राग मानू नका. मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि संशय घेणं हा माझा धंदाच आहे. ज्या कुलपाने माणसांवर विश्वास टाकला, ते भंगारात गेलंच म्हणून समजा.

माझा जन्म पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात झाला. तिथे कोळी होते आणि मासळी डब्यात भरायचा एक कारखाना होता. कोळी म्हणायचे, कारखानेवाले मापात पाप करतात. कारखानेवाले म्हणायचे, कोळी शिळी मासळी आमच्या गळ्यात मारतात. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या लोकांनी १९२७ साली मिळून फुटबॉलचा क्लब काढला, कारण अकरा धड खेळाडू एकट्या कुणाकडेच नव्हते. क्लबचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'सार्दिन्हा', म्हणजे छोटी तारली, म्हणत. कारखान्याच्या मालकाने जाळी वाळवायचं पटांगण क्लबला कायमचं लिहून दिलं. मोडक्या होड्यांच्या डोलकाठ्या रोवून गोलाचे खांब झाले.

पटांगणाचं ते दानपत्र ठेवायचं कुणाकडे, यावर आठवडाभर भांडण चाललं. शेवटी एक लोखंडी पेटी आणली आणि तिच्यावर मला लावलं. पेटी कारखानेवाल्यांपैकी एकाकडे, किल्ली कोळ्यांपैकी एकाकडे, आणि दोघं समोरासमोर असल्याशिवाय मला उघडायचं नाही, असा नियम झाला. मला तो फार आवडला. बिनभरवशाच्या माणसांना असाच नियम हवा.

१९६१ साली सार्दिन्हाने शहरातल्या एका बड्या संघाला एक-शून्य असं हरवलं. त्याचा फोटो पेटीत ठेवताना दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांनी माझा मुका घेतला. मी मनात म्हटलं, आज मुका घेताय, उद्या हातोडा आणाल. पुढे कारखाना बंद पडला, तरुण परदेशी गेले, क्लबचं छप्पर गळू लागलं. माझ्यावर हिरवा थर चढला, तरी कुणी फडकं फिरवलं नाही. आता क्लबात चाळीसेक शाळकरी मुलं तेवढी खेळतात.

पेटी शेवटी दुआर्ते नावाच्या इंजिनिअरकडे आली. पटांगणावर नगरपालिकेचा डोळा होता. म्हणून मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत नोकरी लागताच दुआर्तेने पेटी उचलून थेट कुवेतला आणली. किल्ली गावातच कोळ्यांकडे राहिली. गेल्या वर्षी दुआर्तेला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याला घाईघाईने मायदेशी जावं लागलं. जाताना त्याने पेटी रिफायनरीतल्या जाफर या स्टोअरकीपरच्या हवल्ली उपनगरातल्या घरी ठेवली.

जाफर रत्नागिरीकडचा. ना कोळी, ना कारखानेवाला! मी डोळ्यांत तेल घालून बसलो. पण तेल त्यानेच घातलं, आणि तेही माझ्या तोंडात. दर शुक्रवारी नमाजावरून आला की तो बाटली घेऊन यायचा आणि मला काठोकाठ भरायचा.

त्याची बायको रुकय्या म्हणायची, "आवं, लोकांच्या पेटीला कशाला हात लावताव?"

"अमानत हाय गो ती. इकडची हवा खारी, गंजल ना."

"अब्बा, इट्स नॉट ईव्हन युअर बॉक्स," असं त्यांची लेक अलिना मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायची.

मला पक्कं ठाऊक होतं, हा मला सैल करतोय. एक दिवस हळूच उघडणार आणि माल गडप करणार.

जानेवारीत तावारेस नावाचा नवा इंजिनिअर किल्ली घेऊन आला. तो त्याच गावचा, कोळ्यांच्या बाजूचा. नगरपालिकेने क्लबला बजावलं होतं की महिनाअखेर मूळ पत्र दाखवा, नाहीतर पटांगणावर गाड्या उभ्या राहतील. पत्र त्याच दिवशी कुरिअरने निघायला हवं होतं. तावारेसने माझ्यात किल्ली घातली. ती फिरेना! आत सगळं घट्ट झालं होतं.

त्याने जाफरकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "कुणी छेडछाड केली याच्याशी?"

मी आतून ओरडत होतो, यानेच! यानेच!

"तेल घातलं मी. दुसरं काय नाय," जाफर इंग्रजीत कसंबसं म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. तावारेस म्हणाला, शुऐबा बंदरातल्या वर्कशॉपमधून कटर आणतो आणि कापतो. जाफर पेटीवर हात ठेवून उभा राहिला. "कापू देणार नाय. जशी दिली तशी परत जाईल."

तेवढ्यात रुकय्या स्वयंपाकघरातून बाटली घेऊन आली. आत पांढराशुभ्र गोळा. "आवं, खोबरेल घातलात काय? या चार दिवसांच्या थंडीत थिजला ना तो! उन्हात न्या पेटी!"

गावी जे तेल सहसा थिजत नाही, ते इथे कुलपाच्या आत थिजेल हे बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघांनी पेटी उचलली. गॅलरीच्या दारातून जाईना, म्हणून आडवी केली, आणि तावारेस थबकला. पेटीच्या तळावर खिळ्याने कोरलेली नावं होती. जो पेटी पुढच्याच्या हवाली करतो, तो पुढच्याचं नाव कोरतो. मी कायम पुढच्या बाजूला, मला हे कधी दिसलंच नव्हतं. तावारेस एकेक नाव मोठ्याने वाचत गेला. अकरावं दुआर्ते. बारावं, ताज्या ओरखड्यांचं, जाफर.

दोघांनी पेटी गॅलरीत नेऊन ठेवली. उन्हात माझ्यातून तेल ठिबकू लागलं. मला रडू आलं असं म्हणा हवं तर. मग तावारेसने किल्ली जाफरसमोर धरून दाखवली, नियमाप्रमाणे, आणि मी उघडलो.

पत्र गेलं, पटांगण वाचलं. पुढच्या आठवड्यात मुलांनी पटांगणावरून फोटो पाठवला. तावारेसला पेटी न्यायची मुभा होती, पण त्याने मला लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पेटी जाफरकडेच सरकवली.

मित्रांनो, कुलपात खोबरेल घालू नका, पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. आणि जुन्या वस्तूंवर अधूनमधून फडकं फिरवत जा. संशय मी अजूनही घेतो, तो माझा धंदाच आहे. पण जो माणूस मला दर शुक्रवारी जपत होता, त्यालाच मी वर्षभर चोर म्हणत होतो. तुम्ही तरी कुणाला चोर म्हणण्याआधी पेटी एकदा उलटी करून बघा.