गल्लीच्या या बाजूला

निळ्या काठाची बशी सरकत्या पट्ट्यावरून समोर आली, तिच्यावरच्या काकडी घातलेल्या भाताच्या दोन गुंडाळ्या जराशा कलंडलेल्या, आणि ताई उचलू की नको करत असतानाच ती पुढच्या टेबलापाशी पोचलीसुद्धा...

"अरे, गेली की!" ताई हसली. "पंगतीत वाढपी पुढे निघून जावा तसं झालं."

तोही हसला. हसता हसता त्याची नजर ताईच्या खांद्यावरून काचेपलीकडे गेली – गल्ली, गल्लीपलीकडचं ते बुटकं दार, दारावरचा विटलेला पडदा – आणि चटका बसल्यासारखी परत आली. ताईची पाठ रस्त्याकडे होईल अशी जागा त्यानेच निवडली होती. इतकं योजून करता आलं आपल्याला, याची त्याला लाज वाटली. लाज वाटूनही त्याने जागा बदलली नाही.

ताई पहिल्यांदाच त्याच्याकडे परदेशात आली होती, आणि आल्या दिवसापासून तिचं एकच टुमणं – तुझ्या त्या जपानी खाणावळीत मला ने. आई गेली तेव्हा त्याला जाता आलं नव्हतं. रजा नव्हती, तिकीट मिळत नव्हतं... कारणं खरी होती, पण ती मनातल्या मनातसुद्धा जरा घाईनेच सांगितली जायची. त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा गल्लीपलीकडच्या त्या खाणावळीत जाऊन बसला. बोलला काहीच नाही. म्हाताऱ्या स्वयंपाक्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, माशाची सुरी बाजूला ठेवली आणि मऊ भात करून आणला. वर नुसतं मीठ. तो जेवेपर्यंत म्हातारा समोर उभा राहिला, बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून. हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा ताई ओक्साबोक्शी रडली होती.

"ते आजोबा कुठे दिसत नाहीत?" ताईने विचारलं. "मला पाया पडायचंय त्यांच्या."

"आज... सुट्टी आहे त्यांची."

"मग उद्या येऊ."

"बघू."

खाणावळसुद्धा ही नव्हे, हे तिला कुठे ठाऊक होतं?

लिफ्ट तपासणं हे त्याचं काम. म्हातारा त्याला 'लिफ्टवाले' म्हणूनच हाक मारायचा. मागच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याची बायको त्याला फुटपाथवर भेटली; यांना इस्पितळात ठेवलंय म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर, तुमची सारखी आठवण काढतात. त्या इस्पितळाच्या लिफ्ट त्याच्याकडेच होत्या. त्याच आठवड्यात तो तिथे गेला – हत्यारांची पेटी घेऊन. दोर पाहिले, ब्रेक पाहिले, प्रत्येक मजल्यावर दार नीट उघडतंय ना ते पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरही ते नीट उघडलं. लांबच लांब व्हरांडा, फिनेलचा वास, कुणाला तरी आलेली खोकल्याची उबळ... एक पाऊल टाकायचं, बस्स. पण जाऊन बोलायचं काय? आईच्या वेळी जे पाहायचं टळलं होतं ते इथे पाहावं लागेल, ही भीती – की नुसताच आळस, नुसतीच टाळाटाळ, आणि भीती हे तिला नंतर दिलेलं बरंसं नाव? दार आपोआप मिटायला लागलं. त्याने मिटू दिलं.

पुढे बरेच दिवस खाणावळ बंद होती. मग उघडली, पण ओट्यामागे म्हातारी एकटीच. काय झालं असेल ते विचारायची गरज नव्हती. तेव्हापासून तो गल्लीच्या या बाजूने चालायला लागला, आणि खायची हुक्की आली की इथे यायला लागला. इथलं जेवण चांगलं निघालं, याचाही त्याला राग आला होता.

"हे हिरवं काय आहे रे? नाकातून धूर निघाला माझ्या!" ताई डोळे पुसत म्हणाली, आणि त्याच वेळी दार उघडलं.

म्हाताऱ्याची बायको. अंगावर ॲप्रन, हातात रिकामी बाटली – भाताला लावायचं व्हिनेगर संपलं असेल, शेजारधर्माने मागायला आली असेल. तो झटकन खाली वाकला, काहीतरी पडल्यासारखा जमीन चाचपडत राहिला. वर आला तेव्हा ती टेबलापाशी उभी होती.

"लिफ्टवाले! आलात परत?"

बोलणं अर्थातच तिथल्या भाषेत. त्याने नुसतीच मान हलवली.

"हे शेवटपर्यंत विचारायचे, लिफ्टवाले आले का. मी सांगायचे, ते त्यांच्या देशी गेलेत, घरच्यांकडे. आले की आधी तुम्हालाच भेटतील. त्यांना पटायचं." ती जराशी थांबली. "गेला होतात ना?"

झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढावं, तसं तिने ते विचारलं. तिला माहीत होतं का? त्या तोंडावरून काही कळत नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "गेलो होतो. परवाच आलो. ही माझी बहीण."

"कोण रे या?" ताईने विचारलं.

"आजोबांची बायको."

ताई ताडकन उठली. तिने त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले. "सांग त्यांना, तुमच्या घरच्या अन्नावर माझा भाऊ त्या दिवशी तरला. आणि सांग, उद्या आजोबांना भेटायला येतो आम्ही."

पहिलं वाक्य त्याने जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्याच्या जागी म्हणाला, "ते गेल्याचं ऐकून तिला फार वाईट वाटलं."

म्हातारीने मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले, ते पाहून ताईचेही आले. दोघी हात धरून उभ्या राहिल्या, आणि मध्ये तो – दोन्हीकडचं समजणारा एकटाच. जाताना म्हातारी काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"उद्या या म्हणाली. दोघंही." एवढं तरी त्याने खरं सांगितलं.

"जायचंच," ताई खाली बसत म्हणाली. "माणसं जोडलीस हो तू इथे. आईला बरं वाटलं असतं."

आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि ते इतकं सुखाचं वाटलं की तो दचकला. इतके दिवस कुणी पाहू नये म्हणून तो लपत होता. आता एकीने नकळत, दुसरीने कदाचित कळून, त्याला पुरतं झाकून टाकलं होतं. आणि आता, या क्षणी, कुणीतरी त्याला पाहावं, आहे तसा, असं त्याला फार वाटलं.

"ताई..."

"काय रे?"

ती वाट पाहत राहिली. त्याने नजर खाली वळवली नाही – एवढंच त्याला जमलं.