अकरा मार्चची कोरी रेघ

"सीत्से, माझा जन्म एकोणीस तारखेचा! अठराचा नाही!" ग्रीट संडासातून ओरडली.

"तिथून तक्रार चालत नाही. लेखाखाली प्रतिक्रिया लिही," सीत्से स्वयंपाकघरातून म्हणाला आणि टाइप करत राहिला.

सीत्से बाउमाने चौतीस वर्षं फ्रानेकर गावाच्या आसपासच्या कालव्यांची पातळी मोजली. पाणी कधी त्याच्या सल्ल्याने वागलं नाही, म्हणून निवृत्तीनंतर तो लोकांकडे वळला आणि ब्लॉग लिहू लागला. पाहुण्याला एक बिस्किट दिल्यावर डबा लगेच का झाकायचा, असले गंभीर विषय. या आठवड्याचा विषय होता वाढदिवसांचं कॅलेंडर. तारखांपुढे नावांसाठी रेघा असलेलं, वार नसलेलं, म्हणून जन्मभर चालणारं, आणि घरोघरी संडासात टांगलेलं, कारण माणूस निवांतपणे भिंतीकडे बघतो तो तिथेच.

हार्लिंगनच्या एका बाईंनी विचारलं होतं, मेलेल्यांची नावं खोडायची का? सीत्सेने उत्तर दिलं, "मुळीच नको. आपला वाढदिवस विसरलात म्हणून न रुसणारी तेवढीच माणसं उरली आहेत."

ग्रीट हात पुसत आली. ती त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते आणि रोज दहाला कॉफीला येते. त्याच्या खांद्यावरून तिने पुढची प्रतिक्रिया वाचली. "ही कोण रे? 'एक जुनी वाचक' म्हणे. 'तुमच्या कॅलेंडरवर अकरा मार्चला कोणाचं नाव आहे?'"

सीत्सेची बोटं थांबली.

अकरा मार्च म्हणजे हिल्के, त्याची एकुलती एक मुलगी. देवेंटरला शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी ईस्टरला आली होती. कॉफी अर्धी टाकून संडासाला गेली, बाहेर आली आणि थेट कोट चढवला. गाडी चुकेल म्हणाली. गाड्या अर्ध्या अर्ध्या तासाने असतात. त्यानंतर ती आली नाही, फोन उचलत नाही. नाताळला कार्ड येतं, त्यावर नुसती सही. त्या दिवशीचा केक, कॉफी, स्वतःचे विनोद, सगळं सीत्सेने मनात शंभरदा तपासलं होतं. विनोदांवर त्याचा जास्त संशय होता.

तो उठला, संडासात जाऊन आला.

"कोरी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"अकरा मार्चची रेघ."

जुनं कॅलेंडर बायकोच्या, फ्राउकेच्या अक्षरातलं होतं. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात नळ गळला आणि ते भिजलं. ती गेल्यावर सीत्सेने नवीन आणलं आणि एक एक नाव उतरवून काढलं.

"पोरीचंच राहिलं?" ग्रीट म्हणाली.

"राहिलं नाही. लिहिलं नाही. मला पाठ आहे की."

"मग माझं कशाला लिहिलंस?"

"तुझा विसरतो."

"तोही चुकीचा लिहिलास!"

"तेच तर सांगतोय."

"अरे, पायाची नखं कापणाऱ्या बाईचं नाव आहे तिथे! माझा नवरा मेला, त्याचंही आहे. आई गेल्यावर पोर पहिल्यांदा घरी आली, त्या भिंतीसमोर बसली, आणि..." ग्रीटने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाली, "उत्तर दे. आणि गंमत नको करूस, कळलं?"

सीत्सेने एक वाक्य लिहिलं. ते मजेदार झालं, म्हणून खोडलं. दुसरंही झालं. तासाभराने उरलं ते एवढंच: "कोणाचंच नाही. माझ्या मुलीचा वाढदिवस मला पाठ आहे, म्हणून लिहिला नाही. चुकलो."

जेवणाच्या वेळेपर्यंत त्याखाली अकरा हसरे चेहरे आले. हार्लिंगनच्या बाईंनी लिहिलं, "तुम्ही म्हणजे ना! पोट दुखेपर्यंत हसले." त्यांचा तरी काय दोष? इतकी वर्षं त्यांना हसायचीच सवय लावली होती. सीत्सेने बाईंचे आभार मानले.

ग्रीट त्या दिवशी घरी गेलीच नाही. काम नसताना दोनदा ओटा पुसला.

साडेतीनला 'जुनी वाचक' पुन्हा आली. ग्रीटने सवयीने मोठ्याने वाचून दाखवलं.

"आईलाही पाठ होता, बाबा. तरी ती लिहायची."

सीत्सेने लॅपटॉप मिटला. हिवाळ्याचे दिवस, बाहेर आत्ताच अंधारून येत होतं. त्याने खुंटीवरचा कोट घेतला.

"देवेंटर?" ग्रीटने विचारलं.

"हं."

"दार उघडेलच असं नाही हां."

"हं."

ग्रीटने विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: लेवार्डनला गाडी बदल. झ्वोलेला बदल. हिल्के देवेंटरला गेल्यापासून, वीस वर्षं, हा रस्ता त्याला माहीत होता. त्याने दोन्ही ओळी सावकाश वाचल्या, पाकिटाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.