घरच्या सांभाळाचं मोल

बायको मंगलाबाई गेली हे उदेसिंगला कपाशीच्या सरीत कळलं. शेजारची वत्सलाबाई बांधावरून ओरडली, "आबा, घर चाला, बाई उठस नही!" त्यानं आधी विहिरीवरची मोटार बंद केली, मग धावला.

पंधरवड्यानं घरात दुसरीच अडचण उभी राहिली. लेक निर्मला नवऱ्यापासून वेगळी होऊन चार वर्षांच्या रूपीला घेऊन कळसाडीत माहेरी राहत होती. ती निंदणीला जाई, पोर मंगलाबाई सांभाळी. आता निर्मलाच घरी बसली आणि मजुरी बुडाली. कोर्टानं रूपीसाठी ठरवलेली महिना दोन हजार पोटगी तिचा नवरा नवनीत देत होता. ती ठरली तेव्हा तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. आता स्वतःचा घेऊन कारखान्याला ऊस ओढत होता.

बापलेक शहाद्याला फाल्गुनी वकिलीणबाईंकडे गेले.

"पोटगी वाढवून मागता येते," त्या म्हणाल्या. "पण बापाची कमाई, आईची कमाई, पोरीचा खर्च, सगळं दाखवावं लागतं. आणि मागच्या निकालानंतर काय बदललं तेही. खर्च लिहून आणलाय?"

उदेसिंगनं कागद पुढे केला. कपडे, औषध, वह्या. संपलं.

"रूपी दूध पीत नाही?"

"पेस ना! पन म्हैस घरनी शे."

"ज्वारी, शेंगा?"

"त्या बी घरन्या. घरनी विहीर, पानीले काय मोल? लिखं तर लोके हासतीन!"

"आबा, नवनीतचा वकील हाच कागद नाचवेल. म्हणेल, पोर वाऱ्यावर वाढते. डेअरीला दूध कितीनं घालता?"

"पन्नास."

"मग रूपी पिते तेही पन्नासचंच."

निर्मला खुदकन हसली. "आबा, आते म्हैसनी बी साक्ष लेवो!"

"आणि पोर सांभाळण्याचे किती लिहू?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"त्याना काय पैसा? मन्ही मंगला व्हती..."

फाल्गुनीबाईंनी पेन खाली ठेवलं. "बदललंय ते हेच, आबा. दुसरी बाई ठेवली तर काय घेईल?"

"दिनले दोनशे." मग मिशीवर हात फिरवत म्हणाला, "पन मंगला दोनशेले कामले उनी नसती. मोठी तिखट शे ती."

'व्हती'ऐवजी तो 'शे' म्हणाला, ते कुणी दुरुस्त केलं नाही.

दुपारपर्यंत अर्ज तयार झाला. सोबत मंगलाबाईच्या मृत्यूचा दाखला जोडला की दाखल करायचा. ग्रामपंचायत घरापासून पन्नास पावलांवर. निर्मला रोज सकाळी आठवण करायची आणि उदेसिंग म्हणायचा, "आज जास."

आठ दिवस झाले. दाखला आणायचा राहिला होता.