रिठ्याने धुतलेला पंप

मुलुंडला भाऊसाहेब वैद्यांच्या कारखान्यात द्राक्षासव तयार व्हायचं, आणि ते लाकडी पिंपातून टाकीत खेचणारा पितळी हातपंप माझ्या ताब्यात होता. ताब्यात म्हणजे ताब्यात. दुसऱ्या कुणी दांड्याला हात लावला की माझं डोकं फिरायचं. द्राक्षासव गोड असतं. पंपात चमचाभर जरी राहिलं तरी दुसऱ्या दिवशी आंबूस वास आणि तिसऱ्या दिवशी चिलटांची जत्रा. म्हणून रोज संध्याकाळी मी पंप उघडून आतली चाकं पुसायचो, कातडी वायसरला खोबरेल लावायचो आणि सोड्याच्या गरम पाण्याने रबरी नळीसकट सगळं धुऊन काढायचो.

साल त्रेपन्न. दारूबंदी जोरात होती. आसवात थोडी नशा असतेच, त्यामुळे दारूबंदीचे साहेब स्वतः येऊन ते चाखणार होते. त्यांनी कागदावर ‘दारू म्हणून पिण्यास अयोग्य’ असा शेरा मारला तर परवाना मिळणार. नाही मारला तर कारखान्याला कुलूप आणि आम्ही सात जण घरी. गिरणी सुटल्यावर दोन वर्षं घरी बसून काढली होती मी. पुन्हा तसं बसायची मला खरोखर भीती वाटत होती.

नेमका आदल्या दिवशी सोडा संपला. माझी बायको मालन म्हणाली, “रिठे घेवन जावा. माझ्यो पाटल्यो रिठ्यान कशो लखलखतत! तुमचो पंप त्यांच्यापेक्षा भारी आसा काय?”

भारी होताच, पण तिला कोण सांगणार? मी पंप आणि नळी रिठ्याच्या दाट पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी पंप असा चमकला की त्यात दाढी करता आली असती. आता साध्या पाण्याने तीनदा खळबळलं की काम झालं, एवढ्यात भाऊसाहेब पंचांग घेऊन धावत आले. पंचांग पाहिल्याशिवाय ते पिंपाचं बूच काढू देत नसत.

“सहदेवा, दहा वाजून सात मिनिटांचा मुहूर्त आहे. चल, सुरू कर!”

“भाऊसाहेब, नळी खळबळायची राहिलीय.”

“मुहूर्त काय नळीसाठी थांबणार आहे? फिरव!”

मला असा राग आला की मी दांडा गरागरा फिरवला. रागात माझा हात फार चालतो. बघता बघता टाकीत फेस आला, काठावरून उतू गेला, आणि भाऊसाहेबांच्या चपला त्यात दिसेनाशा झाल्या.

लेबलं चिकटवणारी नलिनी ओरडली, “अगं बाई! सहदेवदादा, बिअर केलीत की काय!” तिचा भाऊ गोरेगावच्या सिनेमा स्टुडिओत कामाला, त्यामुळे बिअर कशी फेसाळते ते तिला ठाऊक.

दारात साहेब उभे होते.

“औषधाला फेस?” ते म्हणाले. “द्या पेला.”

खरं सांगावं तर भाऊसाहेब मला हाकलणार, गप्प बसावं तर सगळ्यांचीच वाट लागणार. मी डोळे मिटून बोललो, “साहेब, पिऊ नका. त्यात रिठे आहेत.”

“पकडले गेले की सगळे असंच सांगतात,” साहेब म्हणाले आणि अर्धा पेला एका दमात घशाखाली.

पुढचं मी हसू दाबत पाहिलं. आधी साहेबांच्या मिशा उभ्या राहिल्या. मग त्यांना उचकी लागली आणि नाकातून एक फुगा निघाला, चांगला लिंबाएवढा. ते नळाकडे पळाले, खूप वेळ चुळा भरत राहिले, आणि परत येऊन लिहू लागले. भाऊसाहेब रामनाम घेत होते.

कागदावर लिहिलं होतं: ‘दारू म्हणून पिण्यास सर्वथा अयोग्य.’ ‘सर्वथा’खाली दोन रेघा होत्या.

साहेब गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी फेसातच बसलो. रिठे मालनने दिले, हेही मी सांगून टाकलं. आता बोलणी खायची, एवढंच उरलं होतं. भाऊसाहेबांनी ती टाकी गटारात ओतायला लावली, पंचांग उघडलं आणि बराच वेळ पानं चाळली.

“पुढची तपासणी मार्गशीर्षात,” ते म्हणाले. “मालनला म्हणावं, रिठे जपून ठेव.”

“आणि नळी?” मी विचारलं.

भाऊसाहेबांनी पंचांग मिटलं. “मुहूर्त काय नळीसाठी थांबतो का रे?”